लेकी बोले, सुने लागे: परीकथांचे टॅरो पत्ते समजून घेताना

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची लातूरहून आमच्याकडे अंबाजोगाईला आली, तेव्हा तिच्या पिशवीत वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या सरावप्रश्नांच्या जाडजूड पुस्तकांखाली एक छोटी पेटी होती. पेटीतून नेहमीच्या पत्त्यांपेक्षा लांबट असा एक कॅट निघाला. पानांवर लाल टोपडे घातलेली मुलगी, काचेचा जोडा, लांडगा, उंच मनोरा अशी चित्रे होती. तिने ती पाने सतरंजीवर पालथी पसरली, तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या माझ्या आईने विचारले, "हे काय मांडायलीस गं? परीक्षा तोंडावर अन् पत्ते कुटायलीस?" भाची म्हणाली, "आजी, हे खेळायचे नाहीत. हे टॅरो आहेत. यानं मन कळतं." आईने विचारले, "कुणाला?" यावर भाचीला चटकन उत्तर देता आले नाही.

टॅरो म्हणजे भविष्य किंवा मन जाणण्यासाठी म्हणून वापरले जाणारे चित्रांचे पत्ते, आणि भाचीची ही पेटी काही जगावेगळी नाही. गेल्या काही वर्षांत परीकथांच्या टॅरो पत्त्यांच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. ‘स्वतःचा शोध घ्या’, ‘बालपणीच्या जखमा भरून काढा’ अशी त्यांची भाषा असते, आणि ‘हीलिंग’ हा शब्द त्यात असा काही पेरलेला असतो की वाचणाऱ्याने एक तर सगळ्यावर विश्वास ठेवावा, नाही तर सगळेच थोतांड म्हणून पुढे सरकावे. माझे मत या दोन्ही बाजूंना पुरते जात नाही. पत्त्यांना काहीही कळत नाही, याबद्दल मला शंका नाही. पण पत्त्यावरच्या गोष्टीकडे पाहून माणूस जे बोलतो, ते पुष्कळदा ऐकण्याजोगे असते. असे का होते, ते कोठवर उपयोगी आहे आणि कोठे ते अंगाशी येते, हे पायरीपायरीने पाहू.

मुळात हा एक डाव होता

टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील श्रीमंत सरदारघराण्यांच्या दिवाणखान्यांत झाला. नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना आणखी काही चित्रमय पानांची जोड देऊन तेथे एक डाव खेळला जाई. या जादा पानांचे काम आपल्याकडील हुकमाच्या पानांसारखे होते: इतर रंगांची पाने ती मारत. आज टॅरोच्या कॅटात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ पाने पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी या चार रंगांत प्रत्येकी १४ अशी वाटलेली असतात. उरलेल्या २२ पानांवर मूर्ख, सम्राज्ञी, मनोरा, मृत्यू, चंद्र, सूर्य अशी चित्रे असतात. या २२ पानांना जाणकार ‘मेजर आर्काना’, म्हणजे मोठी रहस्ये, म्हणतात. आपण त्यांना मोठी पाने म्हणू.

मग खेळाचे गूढ विद्येत रूपांतर केव्हा झाले? जवळजवळ साडेतीनशे वर्षांनंतर, आणि तेही फ्रान्समध्ये. १७८१ साली आंत्वान कूर द झेबलँ या विद्वानाने असे छापले की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत दडवून ठेवलेले ज्ञान आहे. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाही वाचता येत नव्हती. शाँपोल्यों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ साली. म्हणजे खंडन करण्याची सोयच नव्हती, आणि दावा फोफावला. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘एतेला’ असे भारदस्त नाव घेतलेल्या अलिएत नावाच्या एका गृहस्थाने पुढे टॅरोवरून भविष्य सांगण्याचा धंदाच मांडला. (नाव बदलून बुवाबाजी करण्याची रीत आपलीच मक्तेदारी आहे, असे समजण्याचे कारण नाही.)

सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही गोष्ट लगेच उमजेल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येकी १२ पाने, म्हणजे १२० गोल पानांचा तो खेळ. उद्या कोणी त्यातील मत्स्यावताराचे पान काढून, ‘यंदा मराठवाड्यात पाऊस चांगला आहे’, असे सांगू लागला, तर त्या खेळात आधी नसलेला एक अर्थ त्याने चिकटवला, असेच आपण म्हणू. टॅरोचे नेमके हेच झाले.

आज जी चित्रे सर्वत्र दिसतात, त्यांचे वळण १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या एका कॅटावरून आले आहे. त्याची कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची होती. तोवर छोट्या, म्हणजे चार रंगांच्या ५६ पानांवर बहुधा पाच पेले किंवा आठ तलवारी एवढेच काढलेले असे. स्मिथबाईंनी त्या जागी माणसे काढली: सांडलेल्या पेल्यांसमोर खाली मान घालून उभा असलेला माणूस, डोळे बांधून तलवारींच्या कुंपणात उभी केलेली बाई. पाहणाऱ्याला आता मोजण्याऐवजी सांगण्यासारखे काहीतरी मिळाले. एवढ्या मोठ्या कामाचा मोबदला त्यांना अगदी थोडा मिळाला. पत्त्यांवर गोष्ट चढली, ती खऱ्या अर्थाने येथे.

परीकथा तेथे कशा पोहोचल्या

चित्रात माणसे आल्यावर ती कोणत्याही गोष्टीतली असू शकतात. मोठ्या पानांत ‘सामर्थ्य’ नावाचे एक पान आहे; त्यावर एक स्त्री सिंहाच्या जबड्यावर हलकेच हात ठेवून उभी असते. तेथे सुंदरी आणि पशू यांची कथा सहज बसते. मनोऱ्याच्या पानावर लांब केसांची राजकन्या बसते. ‘मूर्ख’ हे पान तर घरातून गाठोडे बांधून निघालेल्या कोणत्याही धाकट्या मुलाचे असू शकते. कोणती कथा कोणत्या पानावर, हे चित्रकारागणिक बदलते, आणि त्यामागे कोणताही प्राचीन नियम नाही.

या परीकथा स्वतःही बदलत आल्या आहेत. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपला संग्रह प्रथम छापला, तेव्हा हिमगौरीचा घात करू पाहणारी बाई तिची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना रानात सोडून देण्याचा आग्रह धरणारी आईही नंतरच्या आवृत्त्यांत सावत्र ठरवण्यात आली. सख्ख्या आईचा राग येतो, हे उघड म्हणणे जड जाते. ते सावत्र आईवर ढकलले की बोलता येते. परीकथा ही अशी परक्याच्या नावावर आपले बोलण्याची जागा असते, आणि पत्त्यांचा सगळा उपयोग याच एका गोष्टीवर उभा आहे. तोटाही तेथूनच सुरू होतो, कारण खऱ्याखुऱ्या सावत्र आयांनी हे पान पाहून काय वाटून घ्यायचे, याचा विचार ग्रिम बंधूंनी केलेला नव्हता.

वेताळाची रीत

गोष्ट सांगून ऐकणाऱ्याचे मन तपासण्याची कल्पना आपल्याला नवी नाही, आणि मराठवाड्याला तर मुळीच नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने जी ‘कथासरित्सागर’ रचली, तिचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त आहे, आणि परंपरा या गुणाढ्याला सातवाहन राजाच्या दरबारात, म्हणजे गोदाकाठच्या प्रतिष्ठानात, आपल्या पैठणात बसवते. त्याच ग्रंथातील वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन हाही प्रतिष्ठानचाच. तो प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो, आणि गोष्ट संपताच विचारतो: आता सांग, यात दोष कोणाचा? खरा नवरा कोण? मोठा त्याग कोणाचा?

वेताळ राजाला त्याच्याविषयी एक अक्षरही सांगत नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी. भविष्य नाही, स्वभाववर्णन नाही. गोष्ट सर्वस्वी परक्यांची असते आणि निवाडा राजाचा असतो. त्या निवाड्यांतून राजा कसा आहे, हे आपल्याला हळूहळू कळत जाते. परीकथेचे पान समोर ठेवून स्वतःला प्रश्न विचारणे, हे याच जातीचे काम आहे. पत्ता हा वेताळ. उत्तर ज्याचे त्याने द्यायचे. शेवटच्या गुंत्याला राजाला उत्तर सापडत नाही, तो मुकाट चालत राहतो, आणि तेथेच वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो. तेव्हा एखादे पान पाहून काहीच सुचले नाही, तरी बिघडत नाही.

पान उलटल्यावर मनात काय घडते

त्या दुपारी भाचीने काढलेले पान मनोऱ्याचे निघाले. दगडी मनोरा, वर एकच खिडकी, खिडकीतून खाली सोडलेली सोनेरी वेणी. सोबतच्या पुस्तिकेत या पानाचा अर्थ ‘अचानक उलथापालथ’ असा काहीसा दिलेला होता. भाचीने पुस्तिका उघडलीच नाही. बराच वेळ ती पानाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, हिच्या खिडकीला जाळी नाही."

लातूरला वसतिगृहात राहून वर्षभर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत अभ्यास करणारी मुलगी चित्रातील वेणी, आकाश, राजपुत्र हे सगळे सोडून नसलेल्या जाळीकडे पाहते, याचा अर्थ मला कोणा जाणकाराला विचारावा लागला नाही. तिच्या मनात जे होते, ते तिने चित्रात पाहिले. मानसशास्त्रात याला ‘प्रक्षेपण’ म्हणतात. ढगात कोणाला हत्ती दिसतो, कोणाला नांगर. हर्मान रोर्शाख यांनी १९२१ साली शाईच्या डागांची दहा चित्रे प्रसिद्ध केली, ती याच तत्त्वावर: डागाला अर्थ नसतो, म्हणून पाहणारा स्वतःचा अर्थ आणतो. तेथेही एखाद्या उत्तरावरून माणसाविषयी किती निष्कर्ष काढावेत, याबद्दल तज्ज्ञांत कडाक्याचा वाद झालेला आहे. तेव्हा पानावरून कोणी कोणाचे निदान करू नये. मीही भाचीचे केले नाही. मी एवढेच विचारले, "तुझ्या खिडकीला आहे?" आणि ती पाऊण तास बोलली.

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपण टोमण्यासाठी वापरतो. सासू बोलते लेकीला आणि ते लागते सुनेला. पत्त्याच्या बाबतीत बोलणारे आणि लागणारे माणूस एकच असते: मी बोलतो मनोऱ्यातील मुलीविषयी, आणि ते लागते मला. ‘तू दुःखी आहेस का?’ या प्रश्नाला आपण पटकन ‘नाही’ म्हणतो. ‘ही मुलगी काय विचार करत असेल?’ या प्रश्नाला मात्र मन दार लावून घेत नाही. जात्यावर बसले की ओवी सुचते, म्हणतात. त्या ओव्यांत बायांनी सासर, माहेर, नवरा, दुष्काळ सगळे सांगितले, पण सांगितले ते विठ्ठलाला, जात्याला, भाऊरायाला उद्देशून. समोर बसलेल्या सासूला थेट सांगायची सोय नव्हती.

परदेशी मानसोपचारांतही हे सूत्र सापडते. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी मांडलेल्या कथनोपचारात माणसाला त्याच्या अडचणीपासून सुटे करून पाहायला शिकवतात. ‘मी भित्रा आहे’ असे न म्हणता, ‘भीती माझ्याकडे केव्हा येते’, असे विचारायचे. अडचण गोष्टीतील लांडग्यासारखी समोर उभी राहिली, की तिच्याशी बोलता येते. लिहिण्याविषयी तर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाविषयी मनातले सगळे लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांचे मन अधिक जड झाले. मात्र पुढील महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा लाभ सरासरीने लहानच आढळला आणि तो सर्वांना होतो असेही नाही. पत्ते हे अशा बोलण्या-लिहिण्याला सुरुवात करून देणारे एक निमित्त आहेत. निमित्ताला औषध म्हणू नये, इतकेच.

‘पण माझ्या बाबतीत तर तंतोतंत खरे निघाले!’

पत्तेवाचन करून घेतलेले लोक हे हमखास सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. अंबाजोगाईच्या बसस्थानकावर उभे राहून कोणालाही सांगा: ‘तुम्ही दुसऱ्यांसाठी फार करता, पण त्याची जाण कोणी ठेवत नाही. पैसा येतो, पण हातात टिकत नाही. अगदी जवळच्या माणसाने तुम्हाला दुखावले आहे, आणि ते तुम्ही कोणाजवळ बोललेला नाहीत.’ दहांपैकी बरेच जण थबकतील. पहाटे दारावर येणाऱ्या पिंगळ्याला आणि कुडमुड्या जोश्याला हे गमक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली याची परीक्षा घेतली. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक स्वभावचाचणी सोडवून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला ‘खास त्याचे’ म्हणून स्वभाववर्णन दिले. वर्णन किती जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग त्याने उघड केले की सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि तो ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला होता. कोणालाही लागू पडणारे विधान आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटणे, याला ‘बार्नम परिणाम’ म्हणतात.

यावरून एक सोपी कसोटी हाती लागते. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ तंतोतंत जुळला, तर तोच अर्थ शेजाऱ्याला वाचून दाखवावा; त्यालाही जुळला, तर त्याची किंमत शून्य धरावी. ‘हिच्या खिडकीला जाळी नाही’ हे वाक्य मात्र शेजाऱ्याला जुळणार नाही, कारण ते पानाने सांगितलेले नव्हते.

‘ही अंधश्रद्धाच नाही का?’

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून आहे. ‘माझे लग्न केव्हा होईल’, ‘नीटला किती गुण पडतील’, ‘नवऱ्याच्या मनात दुसरी कोणी आहे का’, असे प्रश्न पत्त्याला विचारले, तर ती अंधश्रद्धाच होय. मग पत्त्यावर कवटी असो की काचेचा जोडा. पिसलेल्या कॅटातून कोणते पान निघेल, हा निव्वळ योगायोग असतो. ‘या चित्रात माझी नजर कोठे अडली’ हा प्रश्न निराळा आहे, कारण त्याचे उत्तर देणारा माणूस तेथे हजर असतो.

ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट आठवून पाहा. कवड्यांचे दान कसे पडेल, याला काही अर्थ नाही. पण क्रोधाच्या घरात साप गिळतो आणि सोंगटी खाली येते, तेव्हा खेळणाऱ्या पोराला आपला सकाळचा राग आठवू शकतो. दान योगायोगाचे, आठवण आपली.

नुसती पाने मांडून बोलत बसण्याला कायदा हात लावत नाही. मात्र अलौकिक शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसवणे व लुबाडणे, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि मंत्र-तोडग्यांनी ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ‘तुमच्यावर सावट आहे, ते काढायला आणखी सात बैठका लागतील’, असे वाक्य कानी आले, की चप्पल पायात घालून निघावे.

‘हीलिंग’ या शब्दाची हद्द

मला स्वतःला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त खटकतो तो हाच शब्द. मराठीत आपण दिलासा, उभारी, उतारा, उपचार, बरे होणे असे निरनिराळे शब्द निरनिराळ्या ठिकाणी वापरतो. हीलिंग म्हटले की हे सगळे एका पोत्यात भरले जाते, आणि ज्याला उपचार हवा आहे, त्याला दिलासा विकला जातो. पत्त्यांनी कोणताही मानसिक आजार बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पत्ते पेटीत ठेवून डॉक्टर गाठावा. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. हा क्रमांक मी भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला, तिला गरज आहे म्हणून नव्हे, तिच्या खोलीत आणखी दोघी राहतात म्हणून.

आणखी एक बाब. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला आपल्या देशात भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ‘टॅरो हीलर’ होण्यासाठी अशी कोणतीही नोंदणी नाही. चार जखमा उघड्या करून, पाचव्या दिवशी फोन न उचलणाऱ्या माणसाला तुम्ही कोठे शोधणार?

परीकथांचा स्वतःचाही एक धोका आहे, आणि त्याविषयी जाहिराती बोलत नाहीत. या कथांत जुन्या काळाची शिकवण मुरलेली आहे: सोसत राहिलीस तर पशूचा राजपुत्र होईल, निजून राहिलीस तर कोणी तरी येऊन जागे करील. ज्या बाईचा नवरा रोज हात उगारतो, तिच्या हाती सुंदरी आणि पशू यांचे पान देऊन ‘प्रेमात परिवर्तनाची शक्ती असते’, असे सांगणे हा मला गुन्हाच वाटतो. तिला १८१ हा महिला मदतक्रमांक सांगावा. कथा मोडण्याचा, तिचा शेवट नाकारण्याचा हक्क पान काढणाऱ्याला असलाच पाहिजे. तो नसेल, तर तो आत्मशोध नसून पाठांतर होय.

घरी करून पाहायचे असेल तर

रीत फार मोठी नाही. एकच पान काढावे. अर्थाची पुस्तिका मिटलेलीच ठेवावी. पहिली दोन मिनिटे फक्त जे दिसते ते सांगावे, म्हणजे रंग, हात, दार, कोण कोणाकडे पाहते आहे. अर्थ लावायचा नाही. मग नजर जेथे अडली, तेथून गोष्ट पुढे सांगावी किंवा १५ मिनिटे लिहावी. पान आवडले नाही म्हणून दुसरे काढत बसू नये. सोबत कोणी असेल, तर त्याने विचारावे, सांगू नये. वेताळानेही कधी राजाला उत्तर सुचवले नाही. मन फार जड झाले, तर थांबावे.

मी लेख लिहिणार, म्हणून भाचीने मलाही एक पान काढायला लावले. रानातील ती दोन भावंडे निघाली. भाऊ वाटेवर पावाचे तुकडे टाकत चालला आहे आणि मागून पाखरे ते टिपत आहेत. दिसते ते सांगायचे, म्हणून मी सांगत गेलो: झाडे काळी आहेत, चंद्र आहे, भावाचा खिसा फुगलेला आहे. "बहिणीच्या हातात काहीच नाही," एवढे म्हणालो आणि पुढे बोललो नाही.

वडील गेल्यावर आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन माझ्या नावावर झाली, ती बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केल्यामुळे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला, हे मला तेव्हाही माहीत होते. सगळ्याच बहिणी सही करतात, असे म्हणून मी तो कागद पुढे सरकवला होता. तिने वाचलासुद्धा नाही. पत्त्याला यातले काही माहीत असण्याचे कारण नाही, आणि या कागदाचे काय करायचे, हेही कोणता पत्ता सांगणार नाही. त्यासाठी बहिणीशी बोलावे लागेल आणि मग वकिलाशी.

‘मग परक्या परीकथाच कशाला?’

हा प्रश्न आईचाच. तिला काचेचा जोडा काही केल्या पटेना. चालताना फुटणार नाही का, हे तिने दोनदा विचारले. तिचे म्हणणे खरे आहे. जी गोष्ट लहानपणी कानांवर पडली, ती मनात अधिक खोल रुजलेली असते. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तुकडे कापून त्यांवर आपल्याच गोष्टींची नावे घातली, तरी कॅट तयार होतो: मेणाचे घर आणि शेणाचे घर, भोपळ्यात बसलेली म्हातारी, आवडती-नावडती, आटपाट नगरातल्या श्रावणी कहाण्या. भाचीने असे अकरा तुकडे कापले आणि आजीसमोर पालथे ठेवले. आईने पान काढले नाही. "मला कशाला पायजे पान? शुक्रवारची सांगते," म्हणून तिने वाती बाजूला ठेवल्या.

ती कहाणी पुष्कळांना ठाऊक असेल. भाऊ सहस्रभोजन घालतो आणि गरीब बहिणीला बोलावत नाही. ती पोरांना घेऊन तशीच जाते, तेव्हा तिच्या अंगावर दागिना नाही, लोक हसतात, म्हणून तिला हाकलून देतो. पुढे तिला चांगले दिवस येतात आणि तोच भाऊ मानाने जेवायला बोलावतो. ती अंगावरचे दागिने उतरवून पाटावर मांडते आणि ताटातले जेवण त्यांनाच भरवू लागते. लाडू चिंचपेटीवर, जिलबी मोत्यांच्या पेंडावर. हे काय करतेस, म्हणून भाऊ विचारतो. ज्यांना तू जेवायला बोलावलेस त्यांना घालते आहे, असे ती सांगते.

सांगता सांगता आई जिलबीपाशी थांबली. कहाणीत पुढे भाऊ क्षमा मागतो, पण ते तिने सांगितलेच नाही.

"भाऊ वाईट नव्हता रे," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्याला बहीण दिसलीच नाही, लोकं हसायलेत तेवढं दिसलं." मग वातींचा पेळू पुन्हा हातात घेतला. "उद्या भाऊबीज. दुपारच्या गाडीनं येईल ती. तवर कपाटातला तो कागद काढून ठेव."